झाडवाली आणि सोनारीण

प्रयोगशाळेत तिला सगळे झाडवाली म्हणत. ती फांद्याफांद्यांचे रेणू बनवायची. बुंध्याला दोन फांद्या, त्यातल्या प्रत्येकीला आणखी दोन. शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण सोनारीण. ती पाण्यात सोन्याचे इतके बारीक कण तयार करायची की पाणी लालभडक दिसे. कण एकमेकांना चिकटले की तेच पाणी निळं पडे. ते चिकटू नयेत, फांद्यांच्या आधाराने सारख्या अंतरावर बसावेत, एवढीच दोघींची धडपड.

आता निवृत्तीनंतर खिडकीशी चहा घेताना झाडवालीला ते दिवस आठवतात, आणि आधी आठवतं ते भांडण. तिचे रेणू पडले की लाल पाणी बघता बघता निळं व्हायचं.

"तुझ्या झाडांनी माझ्या सोन्याची माती केली," सोनारीण एकदा भडकली.

"नाचता येईना अंगण वाकडं! तुझं सोनंच कच्चं."

शब्दाने शब्द वाढला. पुढे कित्येक महिने दोघींमधून विस्तव जात नव्हता. एकाच नळाखाली काचेची भांडी धुवायची, पण बोलायचं नाव नाही.

मग सोनारणीची आई अंथरुणाला खिळली. सोनारीण रजेवर गेली, तेव्हा मात्र झाडवालीला राहवेना. जेवण घेऊन ती तिच्या घरी गेली. आईचा डोळा लागल्यावर दोघी स्वयंपाकघरात बसल्या.

"तुझ्या प्रत्येक फांदीच्या टोकाला सोनं धरणारा गंधक असतो ना?" सोनारीण हळूच म्हणाली. "एक झाड चार-चार कणांना कवेत घेतं. गुंता होणार नाही तर काय?"

"अगं बाई! म्हणजे पकड फक्त बुंध्याशी ठेवायची, शेंडे मोकळे सोडायचे!"

"आणि ते मोकळे शेंडेच शेजारच्याला लांब ठेवतील."

दोघी इतक्या मोठ्याने हसल्या की आतून आई ओरडली, "मेल्यांनो, झोपू द्या!"

पुढे प्रयोगशाळेत नवी झाडं टाकली, तरी पाणी लालच राहिलं. सूक्ष्मदर्शकातल्या फोटोत कण वाफ्यात लावलेल्या रोपांसारखे बसले होते. फांद्या वाढवल्या की अंतरही वाढायचं. तोवर आई गेली होती. तेव्हा कोरडी राहिलेली सोनारीण तो फोटो बघून ढसाढसा रडली, आणि झाडवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सोनारीण हल्ली लेकीकडे, दूरच्या गावी असते. रविवारी ती राहायला येणार आहे. झाडवालीने सकाळीच जास्तीची गादी उन्हात टाकलीय.