स्टॉप कुणी म्हणायचं

हार माझ्या गळ्यात पडला तेव्हाच कळलं, काहीतरी चुकतंय. मी गोरा, घारा, डोक्यावर कंपनीची टोपी. पण मी कुलकर्णी, पुण्याचा सर्व्हिस इंजिनिअर. अमेरिकेतला एक्स्पर्ट माझ्यामागं डिकीतून बॅग काढत होता.

"चेअरमनसाहेब, हे डेरिक. अटलांटाहून आलेत."

इस्लामपूरजवळच्या त्या साखर कारखान्याच्या चेअरमननी डेरिककडं पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"आवं, आमी अमेरिकेतला मागितला हुता. ह्यो तर आफ्रिकेतला दिसतोय."

"अमेरिकेतलेच आहेत. तीस वर्षं टर्बाइनच बघतात."

"आसंल. पण मशीनला हात तुमीच लावायचा."

टर्बाइन म्हणजे वाफेवर फिरून वीज करणारं यंत्र. वेग वाढवला की ते थरथरत होतं, आणि गाळप आठ दिवसांवर आलं होतं. मी बॉसना फोन केला. ते म्हणाले, "वाद घालू नकोस. पुढं तू उभा राहा."

मी उभा राहिलो.

ट्रायलच्या आधी चेअरमननी ऑपरेटर पवारला बजावलं, "कुलकर्णीसाहेब सांगतील तेवढंच करायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं न्हाई."

"काय म्हणाले?" डेरिकनं इंग्रजीत विचारलं.

"सेफ्टीचं सांगतायत," मी म्हणालो.

वेग वाढू लागला. डेरिकनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आतला आवाज असा ऐकू येतो. बेअरिंग म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टचा आधार. डेरिकचा चेहरा बदलला.

"स्टॉप."

पवारनं माझ्याकडं पाहिलं. मी स्क्रीनकडं पाहिलं. थरथरीचा आकडा अजून लिमिटमध्ये होता. सहा माणसं मशीनभोवती उभी होती आणि मी चेअरमनकडं बघत राहिलो.

"स्टॉप," तो पुन्हा ओरडला. मग स्वतःच पॅनेलकडं धावला. शिफ्ट इनचार्जनं त्याचा हात धरला. डेरिकनं दुसऱ्या हातानं लाल बटण दाबलं.

"ह्याला भायेर काढा," चेअरमन म्हणाले.

त्याला बाहेर काढलं. मशीन थंड झाल्यावर बेअरिंग उघडलं, तर आतला मऊ थर ओघळला होता. आणखी थोडं फिरलं असतं तर शाफ्ट गेला असता, कदाचित आम्हीही. चेअरमननी स्वतः जाऊन डेरिकला आत आणलं. खुर्ची दिली, चहा मागवला.

डेरिकनं त्या थरावर बोट ठेवलं. या धातूला व्हाइट मेटल म्हणतात.

"गरम झालं की आधी हेच वितळतं," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नव्हता.

रिपोर्टमध्ये 'मशीन थांबवायला उशीर का झाला' असा रकाना होता. मी लिहिलं, 'कम्युनिकेशन गॅप'. डेरिकनं वाचलं.

"मी जातो त्या प्रत्येक देशात हेच लिहितात," तो म्हणाला. त्यानं ते खोडलं आणि लिहिलं, 'ऑपरेटर कुलकर्णींची वाट पाहत होता. कुलकर्णी चेअरमनची.'

खाली माझी सही हवी होती. मी केली.

आता कुठल्याही ट्रायलआधी मी सगळ्यांना गोळा करतो आणि सांगतो, स्टॉप कुणीही म्हणालं तरी मशीन थांबवायचं. आकडा नंतर बघू, म्हणणारा कोण ते त्याच्याही नंतर.