पोळ्याला सोडायचं सूत

माझ्या हातून मेलेला पहिला वड खतानं मेला. बाजारहत्नूरात माझं खत-बियाण्यांचं दुकान होतं. कपाशीला युरिया किती, दुसरा डोस कधी, हे मी रस्त्यानं चाललेल्या माणसालाही थांबवून सांगायचो. मग घरच्या झाडाला कसं कमी पडू देणार? कुंडीत मूठभर घातलं. चार दिवसांत पानं कडेनं करपली आणि गळून पडली. बायको म्हणाली, "लोकायची झाडं उपाशी मरते, आपला वड खाऊन मेला." हे वाक्य तिनं पुढे वर्षभर आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलं.

वड तिच्यासाठीच लावला होता. गावाबाहेर तळ्याकाठी मोठा वड आहे. लग्न झाल्यापासून वटपौर्णिमेला ती तिथं जायची. मग गुडघे गेले आणि ते चालणं सुटलं. मी स्कूटरवर नेऊ शकलो असतो, पण नेमकी त्याच पौर्णिमेला तेलुगू शेतकऱ्यांची एरुवाका, पेरणीचा मुहूर्त. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात, त्यातली एक आणून मी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उचलूनही पाहिली नाही. तोडलेल्या फांदीपाशी नवऱ्याचं आयुष्य मागायचं, हे तिच्या मनाला पटेना. माझ्याच आयुष्याचा प्रश्न असल्यामुळे मलाही फार वाद घालता येईना.

फोनवर कुणीतरी पाठवलेल्या एका फोटोत मी बोन्साय पाहिला होता. पसरट परळात वीतभर उंचीचा वड, त्याला पारंब्यासुद्धा. तिला झाडापर्यंत जाता येत नसेल तर झाड अंगणात आणू, असं मी ठरवलं. रोपांना तोटा नव्हता. गोदामाच्या कठड्यावर पाखरं दरवर्षी वड पेरून ठेवायची.

खतानं मेला तो पहिला. दुसरा काळ्या मातीनं मेला. आमच्याकडे काळ्या मातीला नाव ठेवणं म्हणजे आईला नाव ठेवणं, म्हणून मी शेतातून घमेलंभर निवडक काळी माती आणली. शेतात सोनं पिकवणारी ती माती परळात ओली असली की चिखल आणि सुकली की सिमेंट. मुळं कुजली. तिसऱ्याला बाक द्यायला पंपाच्या जळालेल्या मोटारी भरणाऱ्याकडून तांब्याची तार आणून फांदीला गुंडाळली आणि पावसाळाभर दुकानाच्या धांदलीत विसरून गेलो. फांदी जाड होत गेली, तार सालीत रुतत गेली. दिवाळीला तार ओढली तर तिच्याबरोबर सालही आली, आणि फांदी वाळली. झाड वाढतंय हे तारेला कळत नाही, ते आपणच बघायचं असतं, एवढं मी त्या वेळी शिकलो.

चौथा जगला. जाडी वाळू, विटांचा चुरा, थोडं कुजलेलं शेणखत, दिवसभर ऊन आणि मुख्य म्हणजे माझे हात लांब. दुकानात गिऱ्हाइकाचं गप्प बसून ऐकणं मला कधी जमलं नाही, ते या झाडापाशी जमू लागलं.

पुढच्या वटपौर्णिमेला बायकोनं नवं लुगडं नेसून स्टुलावर बसून पूजा केली. प्रदक्षिणा घालता येत नव्हती, म्हणून सुताची गुंडी या हातातून त्या हातात घेत तिनं झाडाभोवती सूत फिरवलं. मी विचारलं, सातही जन्म मीच का? ती म्हणाली, "सातायचं मंग पाहू. हा एक तर नीट जाऊ द्या."

हळदीचं पिवळं सूत खोडावर घट्ट बसलं आणि मला ती तार आठवली. संध्याकाळीच मी कात्री घेऊन आलो. तिनं ती हातातून काढून घेतली. व्रताचं सूत असं तोडतात का म्हणून दोन दिवस अबोला. शेवटी तिनंच तोड काढली: सूत पोळ्यापर्यंत राहील, पोळ्याच्या दिवशी ती स्वतः सोडेल. तसंच होत राहिलं. पोळ्याला पुरण वाटून झालं की ती हात पुसत अंगणात यायची, नखानं गाठ शोधायची आणि उलटे फेरे घेत सूत मोकळं करायची. मग ते तुळशीच्या मातीत पुरायची.

गेल्या वर्षी तिनं सूत बांधलं आणि आषाढात ती गेली. ताप आला, आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी मी तिला घेऊन परत आलो. मुलगी यवतमाळहून आली, दिवस करून गेली. मी दुकान विकून टाकलं. दिवसभर बोलणारा माणूस मी, आता संध्याकाळी मुलीचा फोन आला की घशातून पहिला शब्द खरखरत निघायचा, कारण सकाळपासून तो पहिलाच असायचा.

पोळा आला. मी झाडापाशी गेलो आणि तसाच परत फिरलो. ती गाठ तिच्या बोटांनी मारलेली होती. घरातल्या बाकीच्या वस्तू तिनं हाताळलेल्या होत्या, पण अजून तशीच राहिलेली, तिच्यानंतर कुणाचा हात न लागलेली ही गाठ एवढीच. पाऊस सुरू होता. सूत भिजून कुजेल म्हणून मी परळ उचलून ओसरीत पत्र्याखाली आणून ठेवला. तेव्हापासून सुताला थेंब लागू नये म्हणून चमच्यानं पाणी घालू लागलो.

आतापर्यंतच्या चुका मी न कळून केल्या होत्या. ही मात्र पूर्ण कळत असताना केली. वडाला सावलीत ठेवलं की काय होतं ते मी कुणालाही सांगू शकलो असतो. पानं पिवळी पडली, गळली. फांद्या बारीक होऊन उजेडाकडे लांबल्या. थंडी गेली, उन्हाळा गेला, खोड हळूहळू भरत राहिलं आणि सूत सालीत उतरत गेलं. मी रोज पाहायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. झाड वाचवायचं तर सूत जाणार होतं, आणि सूत ठेवायचं तर झाड. मला दोन्ही हवं होतं.

यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेजारच्या किराणा दुकानदाराची बायको आली. माझ्या बायकोच्या हाताखाली ती पुरण शिकली होती, तिला काकू म्हणायची. ओसरीच्या पायरीवर बसून पदर सारखा करत म्हणाली, "काका, काकू सवाष्ण गेल्या. त्यायचं व्रत फळलं. गल्लीतल्या आमी साऱ्या उद्या तुमच्याच वडाची पूजा कराव म्हनून राह्यलो."

माझं डोकं फिरलं. व्रत फळलं! म्हणजे त्या व्रताचं फळ मी. सकाळी केलेला भात रात्रीही तोच खाणारा, हा मी. मी तिला सांगितलं की तळ्याकाठी जा, इथलं झाड मरायला टेकलंय. ती उठून झाडापाशी गेली आणि वाकून पाहिलं.

"काऊन असं अंधारात ठेवलं?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, सूत, गाठ, पाऊस, सगळं.  ती हळूच म्हणाली, "काकू असत्या तर त्यायनं पोळ्यालेच सोडलं असतं, काका."

शेजारीण गेल्यावर मी झाड अंगणात नेलं. नखानं गाठ शोधली, पण ती सापडेना, सालीत बुडाली होती. शेवटी छाटणीची बारीक कात्री आत घालून एकेक फेरा कापला. सूत तुकड्यातुकड्यांनी निघालं, काही धागे सालीतच राहिले. मी रडलो, चांगला मोठ्यानं रडलो, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं. मग फांदी खरवडून पाहिली. आतून हिरवी होती. तुकडे तुळशीत पुरले आणि झाड लिंबाच्या विरळ सावलीत ठेवलं, एकदम उन्हात ठेवलं तर उरलेली पानंही करपली असती.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. मी फक्त एवढंच बजावलं की सूत सैल गुंडाळा. मूठभर पानांच्या त्या काटकुळ्या झाडाभोवती त्या फिरल्या, हसल्या, पाया पडल्या, माझ्यापुढे दोन आंबे ठेवून आपापल्या घरी गेल्या. झाडावर इतकं सूत मी कधी पाहिलं नव्हतं. त्यात माझ्या नावाचा एकही फेरा नव्हता.

दरवर्षी या दिवशी मी दुकानातून आलो की उपासाच्या रिकाम्या पोटी गुडघ्यांच्या गोळ्या घेतल्या म्हणून बायकोवर ओरडायचो. यंदा गल्लीतल्या सगळ्या बायका उपाशी होत्या. माझ्यासाठी कुणीच नव्हती.