भाच्याच्या गाण्यातले श्वास

माझ्या भाच्याचं रॅप आमच्या भागात बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आहे. बसवकल्याणच्या स्टँडवर कॉलेजची पोरं ते लावतात आणि एकमेकांना डिवचतात, म्हण बघू सगळं कडवं एका दमात. कुणालाच जमत नाही. मग म्हणतात, "काय छाती होती बे त्याची!" मी तिथं चहा पीत असलो तर कप अर्धा ठेवून निघतो. ते कडवं त्यानं एका दमात म्हटलेलंच नाही. जागोजागी थांबून श्वास घेतलाय. ते श्वास मी कापले.

माझं साउंडचं दुकान आहे. लग्नाला, जयंतीला स्पीकर भाड्यानं देतो, पण घर चालतं ते रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिरातींवर. साड्यांचा सेल, नवा दवाखाना, पंचायतीचा उमेदवार, कुणाच्या तरी तेराव्याचं जेवण. मराठी, कन्नड, दखनी, तिन्हीत आवाज माझाच. रिक्षा कोपऱ्यावरून वळायच्या आत सगळं ऐकू गेलं पाहिजे, म्हणून दोन वाक्यांमधला श्वास काढून टाकायचा. श्वास गेला की बोलणं घाईचं, जोरकस वाटतं. इतकी वर्षं केल्यावर हात आपोआप जातो तिकडं.

धाकटी बहीण खटकचिंचोळीला दिलेली. दाजी हैदराबादला बांधकामावर, सणासुदीला येतात. भाचा तिचा थोरला. एका डाळमिलमध्ये पोती भरायच्या कामाला होता. एकदा तो दुकानात आला आणि फोन माझ्या कानाला लावला.

"घागरीत तोंड घालून म्हणलास काय रे हे?"

"न्हाई ओ मामा, खोलीतच म्हणलो. भिंतीला सगळे अंड्याचे ट्रे लावलोय की."

"मग कोंबडीला ऐकव. माणसाला कळंना गेलंय."

तो हसला, पण फोन काही कानावरून काढला नाही. पुन्हा लावला. त्या घुमणाऱ्या आवाजाखाली शब्द होते:

हापिसात कन्नड, घरात मराठी, बाजारात नक्को-हौ,
तीन भाषा पोटात माझ्या, तरी उपाशीच म्या भौ.

मी गिऱ्हाइकाला थांबवून ते तीनदा ऐकलं. जन्मभर मी दुसऱ्याचे सेल ओरडलो. आमच्या जगण्यातलं काही कुणी असं तालात म्हणेल हे मला सुचलंही नव्हतं. मी म्हणालो, "सुट्टीच्या दिवशी येतो. ट्रे काढून ठेव."

अंड्याच्या ट्रेनं काही होत नाही, ही चूक सगळेच करतात. आवाज जाड, मऊ कापडात मुरतो. बहिणीच्या घरातल्या सगळ्या वाकळी आम्ही दोरीवर टाकल्या, त्याच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंना. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली गोधडी. त्या घुमण्याला तिनं एका दुपारीत गप्प केलं. माईक अगदी तोंडासमोर नाही, थोडा तिरका धरायचा, वीतभर लांब. 'प' आणि 'भ' फुटतात म्हणून कशिद्याच्या रिंगमध्ये बहिणीच्या जुन्या पोलक्याचं कापड ताणून मधे बांधलं.

सगळ्यात मोठी अडचण आवाजांची. पंखा, फ्रीज, शेजारची पिठाची गिरणी. त्यावर तोडगा त्यानंच काढला. दुपारी करंट जायचा, तेव्हा गावच मुकं व्हायचं. लॅपटॉप बॅटरीवर चालायचा. आम्ही करंट जायची वाट बघत बसायचो. गावात असली वाट बघणारे आम्ही दोघंच. गेला की बहीण अंगणातून ओरडायची, "गेला रे! लागा कामाला!" मग खिडक्या बंद, दाराला पोतं, वर पत्रा, भर उन्हाळा. आत त्याला घाम फुटायचा, बनियन अंगाला चिकटायचं.

घरी येऊन मी ते साफ करायचो. खालचा घरघराट काढायचा, 'स' टोचतो तो बोथट करायचा. मग आवाज आवळायचा, म्हणजे मोठा होता तो खाली येतो आणि दबलेला वर. रॅपला ते लागतंच, प्रत्येक शब्द पुढं यावा लागतो. पण शब्दांबरोबर श्वासही वर येतात. कानाला हेडफोन लावून मी एकेक श्वास निवडायचो आणि खोडायचो.

चांगल्या माणसाचा श्वास आत जाताना एक सरळ 'हा' होतो. त्याचा आधी तसाच होता. मग त्याच्या शेवटाला शीळ यायला लागली. बारीक, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. नंतर शिळेच्या खाली काहीतरी चुरचुरायला लागलं, आणि श्वास आखूड झाले. पूर्वी तो एका श्वासात दोन ओळी न्यायचा, आता एका ओळीत थांबायला लागला. हे मी ऐकलं. हेडफोनमध्ये ऐकलं, मोठं करून ऐकलं, पडद्यावर त्या रेषा बघितल्या. तीन भाषांतली बोलणी कापण्यात जन्म गेलाय माझा, छातीतला फरक मला कळत नव्हता असं मी कुणाच्या तोंडावर म्हणू शकत नाही.

एकदा विचारलं त्याला. "छातीत काय वाजायलंय रे तुझ्या?"

"डाळीची धूळ हाय मामा. सगळेच खोकतेत मिलमधी."

"दाखव कुणाला तरी."

"दाखवतो की. गाणं होऊ द्या. आईला बोलू नका, लगीच रडती."

मी बरं म्हणालो. ह्याचा दोष मला त्याच्यावर टाकता येतो, बरेच दिवस टाकत होतो. पण बहिणीनंही मला विचारलं होतं, आणि तिला मी काय सांगितलं ते त्याला कधी कळलं नाही.

ती चुलीशी भाकरी थापत होती. तो बाहेर हातपाय धूत होता. ती हळूच म्हणाली, "अण्णा, लेकरू वाळायलंय. घास टाकून उठतंय. उद्या त्याची सुट्टी हाय तर बिदरला नेऊन छातीचा फोटो काढावं म्हणते."

दुसऱ्या दिवशी शेवटचं कडवं घ्यायचं ठरलं होतं.

"तू तर त्याला कानाला लावून ऐकतोस. डॉक्टरवानी. तूच सांग, छाती बरी हाय न्हवं त्याची?"

"बरी हाय. धूळ बसलीय जरा. गूळ-हळद देत जा."

तिचा चेहरा सैल झाला. "मग ऱ्हाऊ दे. उगं एक दिवस मोडायचा," ती म्हणाली आणि मला आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली.

हे मी का केलं? काळजी नको म्हणून, असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला ते कडवं पाहिजे होतं. आवाज खराब होत चाललाय हे मला ऐकू येत होतं, आणि आणखी खराब व्हायच्या आत ते पकडून ठेवावं एवढंच डोक्यात होतं. गाण्याखाली माझं नाव येणार होतं. रिक्षावरच्या आवाजाला नाव नसतं.

दुसऱ्या दिवशी करंट गेला आणि आम्ही कडवं घेतलं. त्याला ते सलग म्हणता येईना. अर्धी ओळ म्हणायचा, गुडघ्यावर हात टेकायचा, पुन्हा उभा राहायचा. मी म्हणालो, "तुकड्यातुकड्यानं म्हण, जोडतो मी." त्यानं म्हटलं, मी जोडलं. असं जोडलं की सांधा कुठंही दिसत नाही. माझ्या हातून इतकं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं.

गाणं चाललं. उमरग्यापासून भालकीपर्यंत पोरं ते लावायला लागली. मिलमधल्यांनी त्याला खांद्यावर घेतलं म्हणे. त्यानं मला फोन केला, "मामा, लोक म्हणायलेत ह्याला श्वासच लागत न्हाई!" आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. मी फोन धरून थांबलो. ती संपेना, तेव्हा मीच ठेवला.

पाऊसकाळाच्या शेवटी मिलमध्येच त्याच्या तोंडातून रक्त आलं. बिदरच्या दवाखान्यात थुंकी तपासली, फोटो काढला. क्षय. एक फुप्फुस जवळजवळ गेलेलं, दुसऱ्यात पसरलेलं. डॉक्टरीण तरुण होती. ती बहिणीवर रागावली नाही, नुसतं म्हणाली, "काही महिने आधी आणायला पाहिजे होतं. ह्याला औषध आहे, हा बरा होणारा आजार आहे." बहीण माझ्याकडं बघून म्हणाली, "आमाला काय कळालंच न्हाई बघा बाई. न्हवं का अण्णा?"

मी मान हलवली.

गोळ्या सुरू झाल्या. मध्ये थोडं बरं वाटलं, जेवायला लागला, नवीन ओळी पुटपुटायचा. मग पुन्हा रक्त आलं आणि त्यावेळी थांबलं नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, माझीही. त्या बंद खोलीत त्याच्या तोंडासमोर बसून मी दुपारच्या दुपारी काढल्या होत्या. मला काहीच निघालं नाही.

भाच्याच्या वर्षश्राद्धाच्या आधी बहिणीनं निरोप पाठवला, येताना कंप्युटर घेऊन ये. गेलो. म्हणाली, "फोनमधलं त्याचं गाणं ऐकते म्या. पर त्यात त्यो माझ्याजवळ बसल्यावानी वाटत न्हाई. मशिनीवानी बोलतोय. तू साफ करायच्या आधीचं हाय का?"

होतं. मी सगळं ठेवतो. नाही म्हणता आलं असतं, तिला काय कळणार होतं. पण माझ्यानं नाही म्हणवलं नाही. हेडफोन तिच्या कानावर लावले आणि पहिल्या सुट्टीपासूनचं एकामागून एक लावत गेलो. आधी ती हसली, तो चुकल्यावर शिवी द्यायचा ती ऐकून. मग तिनं डोळे मिटले. शेवटच्या कडव्याला आली तेव्हा तिचा हात स्वतःच्या छातीवर गेला होता. तिथं शब्दांपेक्षा श्वासच जास्त आहेत.

हेडफोन न काढताच तिनं विचारलं, त्यामुळं आवाज जरा मोठा आला. "ह्ये म्या तुला इचारलेल्याच्या आधीचं हाय का नंतरचं?"

"हे दुसऱ्या दिवशीचं. पण त्याच्या आधीच्यातपण हाय."

"म्हंजी तुला ऐकू यायलालतं."

"व्हय."

"अन् तू बरी हाय म्हणलास."

"व्हय."

तिनं हेडफोन काढून माझ्याकडं दिले. मी खाली बघत होतो. मग म्हणाली, "ह्ये सगळं माझ्या फोनात घालून दे." मी घातलं. केबल गुंडाळत होतो तेव्हा तिनं पुन्हा हेडफोन मागून घेतले आणि मी निघालो तरी ती तशीच ऐकत बसली होती.

पंचमीला आमच्याकडं भाऊ बहिणीला माहेरी आणतो. ह्या वर्षी गेलो. तिनं दारातच पाणी दिलं. "रान सोडून कसं येऊ," म्हणाली. रानात काही नव्हतं. मी रिकामा परत आलो. बायकोनं विचारलं, "कामून आल्या न्हाईत वन्सं?" दुःखात आहे, असं सांगता आलं असतं, सगळ्यांना तेच सांगतो. बायकोला मी त्या भाकरीपासून सगळं सांगितलं. ती ऐकून उठली, आत गेली, आणि वन्संसाठी काढलेलं लुगडं परत पेटीत ठेवायचा आवाज आला.

दुकान चालू आहे. जाहिराती येतात, मी श्वास कापतो. त्याशिवाय त्या रिक्षाच्या फेरीत बसत नाहीत. परवा एक पोरगा आला, भाच्याचं गाणं ऐकून, घरी केलेलं रेकॉर्डिंग घेऊन. म्हणाला, "काका, तसंच करून द्या, दम न लागल्यासारखं." मी हेडफोन लावले, त्याचा श्वास शेवटपर्यंत ऐकला. सरळ होता. तरीही त्याला म्हणालो, आधी बिदरला जाऊन छातीचा फोटो काढून आण. तो मला येडा समजून निघून गेला, आणि पुन्हा आलेला नाही.