गवताचा वाफा

बस डेपोत कंट्रोलर होते, म्हणून निवृत्तीनंतरही ते कंट्रोलरच राहिले. वृद्धनिवासात राहायला आल्या दिवशीच त्यांनी जेवणाची घंटा उशिरा वाजल्याचं व्यवस्थापकांच्या कानावर घातलं, आणि जुनं बिरुद इथेही चिकटलं. माणूस सरळ, पण लोकलाजेला फार जपणारा. आपल्याकडे चारचौघांत कुणी बोट दाखवू नये, एवढ्या एका धोरणावर त्यांनी सगळा संसार हाकला.

बायको नेमकी उलटी. तरुणपणापासून रोपवाटिकेत खुरपणी करून तिच्या हातांना अशी खोड लागली होती, की तण दिसलं रे दिसलं की हात शिवशिवायचे. डॉक्टरांच्या दारात नंबर लागेपर्यंत तिथल्या कुंड्या साफ. भाचीच्या लग्नात नवी साडी सावरत ही हॉलबाहेरच्या हिरवळीवर उकिडवी बसलेली.

"अगं, लोक बघताहेत," कंट्रोलर कुजबुजायचे.

"बघू देत की. फुकट करतेय, पैसे थोडेच मागतेय?"

मग तिची आठवण विरायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग गॅस बंद करायचा असतो हे गेलं, आणि एका दुपारी मुलीलाच तिने "आपण कुणाकडच्या?" म्हणून विचारलं. हात मात्र शाबूत होते. म्हणून तर कंट्रोलरांनी हे निवास निवडलं. इथली बाग मोठी होती. वाट गोल, कुठूनही निघालं तरी माणूस पुन्हा दाराशीच यायचा, म्हणजे हरवायची भीती नाही. वाफे कमरेएवढे उंच बांधलेले, त्यामुळे वाकायला नको. खालून मोकळे, म्हणजे चाकाची खुर्चीही आत सरकावी. ती तिथे तासन् तास रमायची. माती नखांत घेऊन खोलीवर यायची आणि पोटभर जेवायची. कंट्रोलरांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

बागेची सूत्रं एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे होती. त्यांनी सगळ्यांना हाताशी धरून दर्शनी वाफ्यात पिटुनियाची कोवळी रोपं लावली. दुसऱ्या दिवशी कंट्रोलर बाकावर पेपर वाचत होते आणि त्यांच्या बायकोने तो अख्खा वाफा निंदून काढला. तिच्या लेखी ते तण होतं. मुळं एका बाजूला करून तिने रोपांची नीटस जुडी बांधली आणि कौतुकाच्या अपेक्षेने वर पाहिलं.

"असू दे हो," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "जरा लक्ष असू द्या, एवढंच."

एवढंच म्हणाल्या त्या. पण भोवती माणसं जमली होती, कुणीतरी हसलं होतं, आणि कंट्रोलरांच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी तिच्या मातीने भरलेल्या हातावर फटका मारला. लहान पोराला मारावा तसा. "अक्कल गहाण टाकलीस का? पुन्हा हात लावशील तर बघ."

उभ्या संसारात त्यांनी तिच्यावर हात उगारला नव्हता. तिने जुडी खाली ठेवली.

त्या दिवसापासून कंट्रोलर तिला बागेत नेईनासे झाले. फेऱ्या व्हरांड्यातच. बाग दिसणाऱ्या काचेच्या दारापाशी ती थबकायची, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळायची. ते तिला खांद्याला धरून वळवायचे. बागवाल्या मंडळींना तोंड दाखवायला नको म्हणून जेवायलाही मागच्या जिन्याने जायचे. हळूहळू ती दारापाशी थांबेनाशी झाली. मग चालणंही थांबलं, खुर्ची आली, आणि घास भरवावे लागले. डॉक्टर म्हणाले, आजारच असा आहे. कंट्रोलरांनी ते मानून घेतलं.

एकदा औषधं आणताना फाटकाशी माळी भेटला. "आजींना आणत नाही का हो आता? त्यांचा वाफा केव्हापासून राखून ठेवलाय."

"कसला वाफा?"

"गवताचा. मुद्दाम माजू दिलंय, आजींना उपटायला. रोपं उपटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं होतं, कोपऱ्यातल्या वाफ्यात काही लावू नका, हा त्यांचा. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

औषधांची पिशवी हातात तशीच घेऊन कंट्रोलर खोलीवर गेले, तिच्या अंगावर शाल टाकली आणि खुर्ची ढकलत थेट बागेत आले. कोपऱ्यातला तो वाफा खरंच गवताने भरला होता. त्यांनी खुर्ची त्याच्याखाली सरकवली. पाती तिच्या हातांना लागत होती.

"उपट गं," ते म्हणाले. जन्मभर कुजबुजणारा माणूस इतक्या मोठ्याने बोलला, की बाकांवरच्या माना वळल्या. "उपट. वाटेल तेवढं उपट. सगळं तुझंच आहे."

ती गवताकडे बघत राहिली. अंगठा आणि बोट जवळ आले, एका पात्याशी गेले. तिने हात मागे घेतला आणि शालीखाली लपवला.

"नको," ती म्हणाली. "आमचे हे रागावतात."

"नाही रागावणार." ते खुर्चीपाशी वाकले. "आता कधीच नाही रागावणार."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, नव्याने राहायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं, मायेने.

"तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत नाही," ती म्हणाली. "तसे फार चांगले आहेत हो. पण माझ्यामुळे चारचौघांत त्यांची मान खाली जायला नको."