मोहाखालून नेलेली लाइन

पोंभुर्ण्याच्या कय्यूमभाईला बंद पडलेली वस्तू दिसली की अन्न गोड लागत नसे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग छपरावरच्या डिश, आणि आता घराघरांतलं नेट. वायर दातांनी सोलायची, पिळायची, वर टेप गुंडाळायची. बायको खुर्शीदा त्याच्या झिजलेल्या दातांवरून टोमणे मारी, आणि हा गडी हसत तेच दात दाखवी.

लटारूच्या घरी त्याने थंडीत नेट बसवलं. लटारूची मुलगी दिव्यानी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायला धडपडत होती. मोबाइलच्या नेटवर परीक्षा देताना दोनदा लाइन तुटली, दोनदा ती बाद झाली. आता शेवटची संधी होती, आणि अट अशी की कॉम्प्युटर वायरीनेच जोडलेला हवा. कय्यूमभाईने आतल्या खोलीत वायर ओढली. मातीच्या जाड भिंतींतून वायफाय जाईना, म्हणून राउटर मधल्या दाराच्या चौकटीवर ठोकला. ओसरीवर मोबाइल चालू लागले. दिव्यानीची आई मनकर्णा तर चुलीपुढे बसून वरोऱ्याच्या बहिणीशी तोंड बघत बोलायला लागली.

बाहेरची लाइन मात्र फायबरची. ती ग्रामपंचायतीपर्यंतच आलेली. तिथून घरापर्यंत खांब नव्हते, पण लटारूच्या बांधावर मोहाची झाडं ओळीने उभी होती. कय्यूमभाईने लाइन त्यांच्या बुंध्यांना बांधत आणली आणि मधे जमिनीवर सोडली. टोकं जोडायला चंद्रपूरचा मशीनवाला येऊन गेला. सारा जन्म जंगलाशेजारी काढलेला हा शहाणा, पण मोह त्याला दिसला तो निव्वळ खांब म्हणून!

चैत्रात परीक्षेच्या सकाळी दिव्यानीचा फोन आला. "चाचा, लाल दिवा लागून राह्यला. पेपर दुपारी हाय."

तो पोचला तेव्हा बांधावर अजून धूर होता. फुलं पडायच्या दिवसांत खालचा पालापाचोळा पेटवून जमीन साफ करायची, म्हणजे वेचायला बरं पडतं, ही इथली दरवर्षीची रीत. लटारूनेही पहाटे तेच केलं होतं. लाइन जागोजागी वितळून गेली होती.

"मीच आग लावली ना भाऊ," लटारू म्हणाला. "मले ध्यानातच नाई राह्यलं. जोडून द्या ना. तुमी तं सारंच जोडता."

"हे तांबं नोहे, लटारूभाऊ. आत काचेचा केस हाय. मशीनवाला उद्याशिवाय येत नाई म्हणते."

तरी सवयीने त्याने जळकं टोक दातांत धरलं. आवरण निघालं आणि आतली काच तुटली. आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं.

"वायफायच्या पूर्ण दांड्या दिसून राह्यल्या," मनकर्णा मोबाइल पुढे करत म्हणाली. "मंग काऊन नाई चालत?"

खरंच दिसत होत्या. घरातल्या घरात सगळं एकमेकांना जोडलेलं होतं, फक्त बाहेरचं काही आत येत नव्हतं. हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने नेटच्या कंपनीला फोन लावला, तर तिकडून एक गोड आवाज नुसता नंबर दाबायला सांगत राहिला. दिव्यानीने मोबाइलच्या नेटवर पेपर उघडायचा प्रयत्न केला. वायर नाही म्हणून तो उघडलाच नाही.

पेपरची वेळ टळून गेली. लटारू दारात उकिडवा बसून मोठ्याने रडू लागला. कय्यूमभाई त्याच्या शेजारी हत्यारांची पिशवी उघडून बसला होता आणि तिच्यातून काय काढावं हे त्याला कळत नव्हतं. आयुष्यात इतकं निकामी त्याला कधी वाटलं नव्हतं.

दिव्यानीने कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर फडकं टाकलं.

"आई, उद्या मोहावर जाशीन तं मलेबी उठवजो," ती म्हणाली. "जमीन साफच हाय आता."