भर बाजारात टेकलेले गुडघे

थान पे नावाड्याचा पोर. अठराव्या वर्षी फौजेत शिरला, ब्रह्मदेशातल्या शान डोंगरांत मांडीत गोळी घेऊन लढला आणि मेजर होऊन बाहेर पडला तो थेट इरावतीकाठच्या एका गावाचा पोलीसप्रमुख म्हणून. बायको ओन चीला त्याचा कोण अभिमान! ठाण्यातले शिपाई मात्र नाकं मुरडायचे. "आले फौजवाले! चोर काय कवायत करत येणारे?"

साहेब होताही तापट. तांदळाच्या चोरट्या होड्यांवर घातलेली धाड फुकट गेली, तेव्हा बातमी फोडल्याचा आळ त्याने म्हाताऱ्या हवालदार फो म्यावर घेतला आणि भर बाजारात त्याचा पट्टा उतरवला. पुढे खरा फितूर सापडला. साहेबाने फौजेतून सोबत आणलेला, त्याचाच लाडका ड्रायव्हर! लगेच हवालदाराला परत घेण्याचा हुकूम सुटला, पट्टा घरपोच झाला. पण फो म्या काही ठाण्याची पायरी चढेना. बायकोच्या मोहिंगाच्या, माशाच्या रश्शातल्या शेवयांच्या, गाडीवर मुकाट वाट्या विसळत बसायचा. गाव त्याच्याबद्दल अजून कुजबुजतच होतं.

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपल्याची पौर्णिमा आली. या दिवशी धाकट्यांनी थोरांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. सगळं ठाणं नारळ-केळी घेऊन साहेबाच्या ओसरीवर वाकून गेलं. फो म्या तेवढा आला नाही.

"ओन ची, केळ्यांचा एक घड दे."

"कुणाला द्यायचाय?"

"आपल्याहून थोराला."

ती चमकली. "अहो, मग गणवेश तरी उतरवा! वर्दीतला माणूस हवालदारापुढे वाकला असं कुठं झालंय?"

"पट्टा वर्दीतच काढला होता ना मी?"

तिने मोठ्यातला मोठा घड काढला आणि स्वतःही मागोमाग निघाली.

बाजार तुडुंब भरलेला. गाडीपाशी त्याने बूट काढले, टोपी काढली, केळी पुढे ठेवली आणि गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. दुखऱ्या मांडीत कळ उठली असणार, ओन चीला ते पाठीवरून कळलं.

"काका, माझ्या हातून, तोंडून, मनातून जे वाईट घडलं, त्याची क्षमा करा."

फो म्याच्या हातातली वाटी निसटली. "उठा साहेब, उठा! सगळा बाजार बघतोय!"

"त्या दिवशीही बघत होता, काका."

म्हाताऱ्याला हुंदका आवरेना. रीतीप्रमाणे आशीर्वाद द्यायचा, तो राहूनच गेला. ओल्या हातानेच त्याने साहेबाचा खांदा धरून ठेवला. आणि ओन ची, कुणी विचारलेलं नसताना, शेजारच्या मासळीवालीला सांगत सुटली, "माझा नवरा आहे तो. माझा!"