न सांगितलेला शब्द

समोरच्या काकांना एक खोड आहे. गल्लीत शिरणाऱ्या गाडीच्या नंबरातली इंग्रजी अक्षरं बघायची आणि ती ज्यात आहेत असा शब्द मोठ्यानं सांगायचा. "बी, के? बास्केट!" तेव्हापासून आमच्या दूधवाल्याची गाडी बास्केटच झाली.

काल माझी नवी स्कूटी आली. चाकाखाली लिंबू फोडून मी काकांना पेढा दिला. ते नंबरप्लेटकडे बघतच राहिले.

"सुचंना व्हय, काका?" मी हसले.

"सुचला की, ताई. लगेच सुचला."

"मग सांगा की!"

काका उठले. घरातून स्वतःचं हेल्मेट आणून त्यांनी माझ्या हातात दिलं. पेढा कट्ट्यावर तसाच राहिला.

आज मी रिक्षानं कामाला गेले. रिक्षाचा नंबर मात्र बघितला नाही.